दोघांसाठी दोन रात्री, जवळच्याच गावात: वाईचं उदाहरण घेऊन सविस्तर आखणी

लग्नाला पाच वर्षं झालेली असोत की पस्तीस, बहुतेक घरांत नवरा-बायकोला सलग दोन तास एकमेकांशी बोलायला मिळत नाहीत. जे बोलणं होतं ते गॅस संपला, फी भरायची राहिली, आईला डॉक्टरकडे न्यायचंय, एवढ्यावरच थांबतं. मग कधीतरी ‘कुठेतरी जाऊन येऊ’ असं ठरतं. पण ते ‘कुठेतरी’ केरळ किंवा हिमाचल असतं, त्याला आठवड्याची रजा आणि मोठी रक्कम लागते, आणि बेत पुढच्या दिवाळीवर जातो.

मला मनापासून वाटतं की दोघांनी वर्षातून दोन-तीनदा तरी घरापासून दोन-अडीच तासांवरच्या एखाद्या तालुक्याच्या गावी जाऊन राहावं. थंड हवेचं ठिकाण किंवा शहराबाहेरचं रिसॉर्ट मी म्हणत नाहीये. ज्याला स्वतःचा एसटी स्टँड, बाजारपेठ, एखादं जुनं देऊळ आणि संध्याकाळी बसायला पाणवठा आहे, असं गाव हवं. तिथे ‘हे बघायचंच’ अशी यादी फार लांब नसते, त्यामुळे धावपळ होत नाही. जेवण साधं आणि ताजं मिळतं, चालत सगळीकडे जाता येतं आणि मुख्य म्हणजे वेळ उरतो. दोघांनी जायचं ते या उरलेल्या वेळासाठी.

हे सगळं हवेत राहू नये म्हणून मी एकच गाव धरून सांगते: पुण्याहून वाई. तुमचं गाव वेगळं असेल, पण आखणी हीच चालते. इतर शहरांच्या लोकांसाठी शेवटी काही गावं सुचवली आहेत.

गाव कसं निवडायचं

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, दारापासून दारापर्यंत लागणाऱ्या वेळात मोजा. अडीच तासांपेक्षा जास्त लागत असतील तर दोन रात्रींच्या मुक्कामाला ते गाव लांब आहे. जाण्या-येण्याचा शीण काढण्यातच एक दिवस जातो.

दुसरी गोष्ट पाण्याची. नदी, तळं, खाडी, समुद्र, काहीही चालेल. पण संध्याकाळी दोघांना तासभर नुसतं बसता येईल अशी जागा गावातच, चालत जाण्याच्या अंतरावर हवी. आपल्याकडच्या लहान गावांत बागा फारशा नसतात आणि शहरासारखी कॅफेही नसतात. बसायला घाट, तलावाचा बांध किंवा देवळाचा ओटा हेच असतं.

तिसरी गोष्ट, गाव स्वतःच्या पायावर उभं असावं. केवळ पर्यटकांवर जगणाऱ्या ठिकाणी प्रत्येक पावलावर कुणीतरी काहीतरी विकायला येतं. तालुक्याच्या गावात तुम्ही दोघं म्हणजे बाजारातली आणखी दोन माणसं. कुणाचं तुमच्याकडे फारसं लक्ष नसतं, आणि त्यातला मोकळेपणा अनुभवल्यावरच कळतो.

वाई या तिन्ही कसोट्यांना उतरते. स्वारगेटपासून सुमारे नव्वद किलोमीटर. कृष्णा गावाच्या मधून वाहते आणि तिच्या काठाने गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड आळी असे घाटच घाट आहेत. पुण्या-मुंबईचे बहुतेक प्रवासी मात्र वाईत गाडीची काचही खाली न करता पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला निघून जातात. त्यामुळे त्या दोन ठिकाणी चालायला जागा नसते तेव्हाही वाईच्या घाटावर पायऱ्या मोकळ्या सापडतात.

वार आणि तिथी

ही पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शनिवार-रविवार शक्य तितका टाळा. मी सुचवेन तो बेत असा: रविवारी दुपारी जेवून निघायचं, मंगळवारी परतायचं. रजा दोनच दिवसांची पडते. रविवारी दुपारनंतर साताऱ्याच्या दिशेचा रस्ता सुसह्य असतो, कारण गर्दी उलट बाजूने पुण्याकडे येत असते. तुम्ही पोहोचता तोवर शनिवारचे पाहुणे खोल्या सोडून गेलेले असतात, भाव उतरलेला असतो आणि लॉजवाल्याला तुमच्याशी बोलायला सवड असते. पती-पत्नी दोघंही नोकरी करत असतील तर ही रजा एकदम मागण्याऐवजी दोन महिने आधी टाकून ठेवा.

मग भिंतीवरची दिनदर्शिका काढा. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, वाईच्या ढोल्या गणपतीला मोठी रांग असते. पौष पौर्णिमेच्या सुमाराला मांढरदेवीची यात्रा भरते. त्या दिवसांत भोरकडून मांढरदेवमार्गे वाईला उतरणारा रस्ता विसरून जा. लग्नाचे मुहूर्तही पाहा. तालुक्याच्या गावात दाट मुहूर्ताच्या दिवशी सगळे लॉज वऱ्हाडाने भरलेले असतात आणि मंगल कार्यालयाजवळची खोली मिळाली तर पहाटे सनई आणि रात्री डीजे, दोन्ही वाट्याला येतात.

याच्या उलट, काही दिवस मुद्दाम धरण्यासारखे आहेत. माघ ते फाल्गुन या काळात वाईत कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव असतो. एकेका घाटाची पाळी येते, त्या त्या आळीत मांडव पडतो, कीर्तनं-भजनं, प्रसादाची जेवणं होतात. हा उत्सव गावाचा आहे, बाहेरच्यांना दाखवण्यासाठी मांडलेला नाही. दोघांनी मांडवात मागे बसून कीर्तन ऐकावं, एवढा त्यातला आपला भाग. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते, तीही फार जुनी आहे. डिसेंबर ते मार्च हे महिने हवेच्या दृष्टीने सर्वांत चांगले, आणि स्ट्रॉबेरीही त्याच दिवसांत येते. पावसाळ्यात परिसर हिरवागार असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. तेव्हा वाईला जाण्यातला निम्मा अर्थच संपतो.

मासिक पाळीची तारीखही बेतात धरा, आणि हे दोघांनी मिळून ठरवा. देवळात जायचं की नाही हा जिचा तिचा प्रश्न आहे. पण प्रवास, घाटाच्या पायऱ्या आणि लहान गावातली स्वच्छतागृहं पाहता त्या दिवसांत घरी राहिलेलं बरं, असं एखादीला वाटू शकतं. नवऱ्याने परस्पर बुकिंग करून ‘सरप्राइज’ देण्यापेक्षा आधी विचारावं, ते जास्त प्रेमाचं.

घर कुणाच्या भरवशावर

मुलं लहान असतील तर आजी-आजोबांकडे, नाहीतर बहीण-भावाकडे दोन रात्री. त्याची परतफेड आधीच ठरवा: पुढच्या महिन्यात त्यांची मुलं आपल्याकडे. अशी आलटूनपालटून सोय केली की मागायला संकोच वाटत नाही. सासू-सासरे घरी असतील तर त्यांना सरळ सांगा की आम्ही दोघंच दोन दिवस वाईला जातोय. ‘कामासाठी जातोय’ असं खोटं सांगून गेलं की फोन आला तरी छातीत धस्स होतं. बहुतेक आई-वडील हे ऐकून खूश होतात, आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच.

निघण्याआधी औषधांच्या गोळ्या दिवसवार वेगळ्या करून ठेवा. दूधवाला, कामवाल्या मावशी, सोसायटीचा वॉचमन यांना सांगा, गॅस आणि पाण्याचा मुख्य नळ बंद करा. शेजारी एक चावी ठेवा. ही कामं दोघांत वाटून घ्या. एकीने रात्री बारापर्यंत डबे भरायचे आणि दुसऱ्याने सकाळी गाडी पुसायची, अशी वाटणी झाली तर ती गाडीत बसल्याबसल्या झोपी जाते.

खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं

लहान गावातल्या खोल्यांचे फोटो पाहून काही कळत नाही. फोन करा, शक्यतो दुपारी, आणि मालकाशी किंवा व्यवस्थापकाशीच बोला. विचारायच्या गोष्टी:

- गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं? बऱ्याच ठिकाणी ते सकाळी ठरावीक वेळच असतं.
- संडास कमोडचा आहे की भारतीय पद्धतीचा? गुडघ्यांचा त्रास असेल तर हे आधी कळलेलं बरं.
- खोलीची खिडकी कुठे उघडते, रस्त्यावर की मागे? एसटी स्टँडसमोरच्या खोलीत पहाटेपासून हॉर्न ऐकू येतात.
- वीज गेली तर पंखा चालतो का?
- त्या तारखांना लग्नाची पार्टी उतरणार आहे का?
- दोघांचीही ओळखपत्रं लागतात ना, आणि कोणती चालतात?

शेवटच्या प्रश्नावर थोडं. दोघांकडेही ओळखपत्र हवंच, एकाचं दाखवून भागत नाही. आधार द्यायचं असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून त्याची प्रत द्या, किंवा वाहन परवाना द्या. लग्नानंतर आडनाव बदललेलं नसेल तर काही अडत नाही. विवाह नोंदणीचा दाखला मागण्याचं कारण नाही. लग्न न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्याला आपल्याकडे कोणत्याही कायद्याची बंदी नाही. मात्र खोली द्यायची की नाही हे लॉजवाला ठरवतो आणि लहान गावात काही जण नाही म्हणतात. म्हणून तेही फोनवरच स्पष्ट विचारून घ्या. रात्री नऊला दारात उभं राहून हा विषय निघाला तर दोघांचाही जीव कानकोंडा होतो.

परदेशी पासपोर्ट असलेले मराठी लोक सुटीत येतात, त्यांच्यासाठी वेगळी सूचना: परदेशी नागरिक उतरला की त्याची माहिती निवासाच्या मालकाला सरकारला कळवावी लागते, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरीही. लहान घरगुती निवासांकडे ती सोय असतेच असं नाही. बुकिंग करतानाच विचारा.

आणि माझा एक ठाम आग्रह आहे: स्वयंपाकघर असलेली खोली घेऊ नका. ‘चहा-नाश्ता आपणच करू’ असं म्हणता म्हणता दोन दिवस पुन्हा तिच्याच वाट्याला ओटा येतो. घरगुती जेवण देणारं एखादं कुटुंब मिळालं तर उत्तमच, तिथे राहा. जेवणाची वर्दी मात्र सकाळी द्यावी लागते, कारण माणसं मोजूनच भाकऱ्या थापल्या जातात.

जाणं

एसटीने जायला मला आवडतं. स्वारगेटहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या वाईवरून जातात, शिवाय वाईच्या स्वतंत्र गाड्याही आहेत. मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. एकजण पंचाहत्तरी ओलांडलेला असेल तर त्याचा प्रवास विनामूल्य. दोघांपैकी कुणालाही गाडी चालवायची नसल्यामुळे गप्पा प्रवासातच सुरू होतात, हा याचा खरा फायदा. सामान एकाच्या खांद्यावर मावेल एवढंच घ्या.

स्वतःची गाडी असेल तर सातारा रस्त्याने खेड शिवापूरचा टोलनाका, मग शिरवळ, मग खंबाटकी घाट. घाट उतरून थोडं पुढे गेलं की सुरूर फाटा येतो, तिथे उजवीकडे वाईचा रस्ता. एकूण दोन ते अडीच तास.

हाताशी वेळ असेल आणि रस्त्यातच रमायला आवडत असेल तर जाताना कापूरहोळला महामार्ग सोडून भोरमार्गे जा. भोरला तिथल्या संस्थानिकांचा, पंतसचिवांचा, राजवाडा आहे. पुढे आंबवडे, तिथलं नागेश्वराचं देऊळ आणि झुलता पूल, मग मांढरदेवचा घाट चढून पलीकडे वाई. हा रस्ता उजेडातच घ्या. मात्र हा बेत करायचा तर रविवारी सकाळीच निघायला हवं.

एक व्यवहाराची गोष्ट: महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांत स्वच्छतागृह वापरून घ्या. पुढे आडवाटेला तशी सोय मिळेलच असं नाही. तिला विचारायला लागण्याआधी त्याने गाडी थांबवावी.

पहिली संध्याकाळ

पाच-साडेपाचला पोहोचलात की खोलीत पसरू नका. पिशव्या टाका, तोंड धुवा, चहा घ्या आणि थेट गणपती आळीच्या घाटावर जा. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. सुमारे दहा फूट उंचीची, एकाच दगडातली ही बैठी मूर्ती पाहिली की नावाचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. पण मला या देवळातलं सर्वांत जास्त काय आवडतं ते मागे जाऊन पाहा. गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन बाजूंना दुभंगावं. नदीच्या पात्राजवळ देऊळ बांधणाऱ्यांनी नदीशी न भांडता घेतलेली ही काळजी आहे. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला काळ्या दगडाचा नंदी जवळून पाहा. गळ्यातल्या माळा-घंटांचं कोरीवकाम बोटभर अंतरावरूनही तितकंच रेखीव दिसतं.

देवदर्शन झालं की पायऱ्यांवर बसा. किती वेळ ते ठरवू नका. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. तो आवाज बंद करून पिशवीत ठेवा. घरी फोन करायची वेळ आधीच सांगून ठेवलेली असावी, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, मग अधेमधे कुणी काळजी करत नाही. आणि एक पथ्य पाळा: पहिल्या संध्याकाळी घराचे हप्ते, मुलांचे मार्क, दोन्हीकडचे नातेवाईक हे तीन विषय काढायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलायचं असेल तर बोला, कारण काही गोष्टी घरी कधीच निवांत बोलता येत नाहीत. पण पहिली संध्याकाळ मोकळी ठेवा.

घाटावर वावरताना एवढं ध्यानात असू द्या की तिथे लोक कपडे धुतात, पूजा करतात आणि उत्तरकार्यंही होतात. समोर कुणाचं काय चाललंय ते पाहूनच कॅमेरा काढा. पाण्यात उतरू नका. पायऱ्यांना शेवाळ असतं आणि वर धोम धरण असल्यामुळे पाणी वाढू शकतं. हातात हात घेऊन चाला, खुशाल. त्यापलीकडचं खोलीसाठी ठेवलंत तर गावालाही अवघड होत नाही आणि तुम्हालाही.

जेवायला साडेआठपर्यंत जा. लहान गावातल्या खानावळी लवकर आवरतात, दहा वाजता फिरत बसलात तर भेळेवर झोपावं लागेल. ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, खर्डा, ताक मागा. साताऱ्याकडचा खर्डा तिखट असतो, आधी बोटभर चाखून बघा.

मधला दिवस

या दिवसासाठी एकच नियम: सकाळी एक ठिकाण, दुपारनंतर एक, मध्ये झोप.

सकाळी मेणवली. वाईपासून साधारण तीन किलोमीटर, हिवाळ्यात चालतही छान जाता येतं, नाहीतर रिक्षा आहे. सूर्य वर यायच्या आत पोहोचा. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेवर अर्धचंद्राच्या आकाराचा घाट, आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. या घाटावर इतक्या चित्रपटांचं चित्रीकरण झालंय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो. त्याच कारणामुळे लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्यांची रांग नऊनंतर सुरू होते, म्हणून सकाळचा आग्रह. देवळाजवळची मोठी घंटा चुकवू नका. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत. शंकराच्या दारात मेरी, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाला त्यात वावगं वाटलं नाही! वाडा आतून पाहायचा असेल तर त्याची देखभाल करणाऱ्यांना विनंती करा, उघडा असेल तर चौकांमागून चौक आणि भिंतींवरची जुनी चित्रं पाहायला मिळतात. बंद असेल तर हट्ट नको, घाट पुरेसा आहे.

परत येऊन मिसळ किंवा पोहे खा आणि मग दीड-दोन तास वेगवेगळे व्हा. हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल, दोघं मिळून आलोय आणि वेगवेगळं कशाला? पण एकाला बाजारात रमायचं असतं, दुसऱ्याला पुस्तक घेऊन पडायचं असतं, आणि एकमेकांसाठी ओढून-ताणून केलेली सोबत दुपारपर्यंत चिडचिडीत बदलते. तिने एकटीने वाईची पेठ फिरावी, हवं ते निवांत निरखावं, कुणी ‘झालं का?’ विचारणार नाही. त्याने हवं तर प्राज्ञपाठशाळेकडे चक्कर मारावी. केवलानंद सरस्वतींनी १९१६ साली सुरू केलेल्या या संस्थेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, आणि त्यांच्याच प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम या गावात बसून झालं. १९७६ साली पहिला खंड निघाला. अख्ख्या महाराष्ट्राचा ज्ञानकोश मुंबई-पुण्यात न होता कृष्णाकाठच्या या लहान गावात व्हावा, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुपारी जेवून झोपा. खरोखर झोपा. बऱ्याच जोडप्यांना प्रेमाच्या आधी झोपेचीच गरज असते.

चार वाजता धोम. आठ-नऊ किलोमीटर, रिक्षा जाऊन-येऊन आणि तिथे थांबण्यासह ठरवून घ्या. धोमला नृसिंहाचं देऊळ आहे, आणि त्याच आवारात महादेवाचं. महादेवापुढचा नंदी एका मोठ्या दगडी कासवाच्या पाठीवर बसवला आहे आणि भोवती कमळाच्या पाकळ्यांचं कुंड आहे. कुंडात पाणी असेल तर कासव नंदीला घेऊन पोहत निघाल्यासारखं दिसतं. आवार शांत असतं, ओट्यावर बसून राहावं. येताना धरणाच्या बाजूने मावळतीला वाईच्या भोवतीचे डोंगर निळे होत जातात. पांडवगड, कमळगड, वैराटगड यांतला कोणता कुठला ते रिक्षावाल्यालाच विचारा.

‘एवढ्या जवळ आलोय तर पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड उरकून घेऊ’ हा मोह इथेच होतो. करू नका. घाटातली रांग, पार्किंग आणि पॉइंटांवरची रेटारेटी यात हाच मधला दिवस खर्ची पडतो. फार तर भिलार, पुस्तकांचं गाव, जिथे मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं वाचायला ठेवली आहेत. दोघंही वाचणारे असाल तर धोमऐवजी ते घ्या. धोम आणि भिलार दोन्ही नकोत.

परतीचा दिवस

नाश्ता करून खोली सोडा. आल्या रस्त्याने सुरूरला न जाता पाचवडमार्गे महामार्गाला लागा आणि साताऱ्याच्या दिशेने थोडं पुढे लिंब गावाला जा, बारा मोटेची विहीर पाहायला. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ च्या दरम्यान, वीरूबाईंनी ती बांधवली. वरून पाहिली तर शिवलिंगासारखा आकार, सुमारे एकशे दहा फूट खोल. एकाच वेळी बारा मोटा चालवून भोवतालच्या आमराईला पाणी देत. रुंद जिन्याने खाली उतरलं की मध्येच छोटासा महाल लागतो, कमानी, सज्जे, दगडात कोरलेले वाघ-शरभ. भर उन्हातही आत गारवा असतो. कठड्यावर बसून फोटो काढू नका, खाली खोल पाणी आहे. एसटीने आला असाल तर लिंब सोडून द्या आणि सकाळ पुन्हा घाटावर घालवा.

दुपारी तीनपर्यंत घरी पोहोचा. मुलं आणायची आहेत, कपडे धुवायचे आहेत, दुसऱ्या दिवशी ऑफिस आहे. रात्री दहाला पोहोचलं की सगळी विश्रांती त्या एका रात्रीत वाया जाते. त्या दिवशी संध्याकाळचं जेवण बाहेरून मागवायचं, हेही आधीच ठरलेलं असावं.

पैसे

खर्च आधी मांडला की वाटेत तोंडं वाकडी होत नाहीत. गाडीने गेलात तर जाऊन-येऊन आणि स्थानिक फिरणं धरून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर होतात. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर पंधरा ते सतरा लिटर पेट्रोल, वर टोल. दोन रात्रींची खोली हा सर्वांत मोठा आकडा, तो फोनवरच पक्का करा, कर धरून. जेवण, रिक्षा यासाठी रोख ठेवा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण रेंज नसते तेव्हा चालत नाही. आणि दोघांनाही वेगवेगळी, सारखीच रक्कम खर्चायला ठेवा, जिचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही. लहानशी असली तरी चालेल.

पुण्यात राहत नसाल तर

मुंबईकरांनी गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरून चौल-रेवदंड्याला जावं. वाडीतलं घरगुती राहणं, पोर्तुगीज किल्ल्याचे अवशेष, चौलचं रामेश्वराचं देऊळ आणि खाडीपलीकडे कोर्लई. पावसाळ्यात लहान बोटी बंद असतात, एवढं पाहा. मुरूड-जंजिऱ्याचा किल्लाही त्या काळात बंद असतो.

नाशिककरांना जव्हार. डोंगरातलं संस्थानी गाव, राजवाडा, वारली चित्रं काढणारी घरं. जेमतेम एक दिवस असेल तर सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ पाहून संध्याकाळी परत.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण साधारण पन्नास किलोमीटर. नाथांचं गाव, गोदावरीचा घाट, नाथसागर, आणि पैठणीचे माग. घ्यायची नसली तरी विणताना पाहायला परवानगी मागा, पदरावरचा एक मोर उतरायला किती वेळ लागतो ते कळलं की किमतीचं कोडं सुटतं. फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास नाथषष्ठीची मोठी यात्रा असते, तेव्हा खोली मिळणार नाही.

कोल्हापूर-सांगलीकरांना नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, बासुंदी, कवठाची बर्फी. पौर्णिमा आणि गुरुवार टाळा. जोडीला खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. त्याच्या स्वर्गमंडपाला मध्यभागी छत नाही, वर गोल आकाश दिसतं. पौर्णिमा टाळायचं कारण वाडीला लागू आहे, खिद्रापूरला नाही. चांदण्यात मंदिर पाहू देतात का ते गावात आधी विचारून घ्या.

नागपूरकरांना रामटेक: गडमंदिर, कालिदास स्मारक, खिंडसीचा तलाव. सोलापूरकरांना नळदुर्ग, किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल. पाऊस चांगला झाला की नर-मादी धबधबे त्याच बंधाऱ्यावरून पडतात, तेव्हाच जा.

आणि पणजी-म्हापशाकडच्यांनी समुद्र सोडून उलट सावंतवाडीला यावं. मोती तलावाला संध्याकाळी चालत फेरी घालता येते, राजवाड्यात हाताने रंगवलेली गंजिफा, म्हणजे जुने गोल पत्ते, पाहता येते, आणि चितारआळीत लाकडी फळं आणि भातुकली अजून दुकानात मांडलेली असतात. तलावाच्या बाजूची खिडकी असलेली खोली मागा.